गाडी लावण्याच्या हक्काचे रक्षण कसे करावे

भर बाजारपेठेत गाड्या लावायला मनाई होणार, अशी कुणकुण लागताच आधी स्वतः घाबरा, मग इतरांना घाबरवा. ‘गिऱ्हाईक तुटेल, दुकानांना टाळे लागेल’ हे वाक्य पाठ असू द्या. १९६२ साली कोपनहेगनमधला स्ट्रॉयट रस्ता मोटारींना बंद झाला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही हीच ओरड केली होती. पुढे ती पेठ पायी फिरणाऱ्यांनी फुलून गेली, पण एवढ्या खोलात सभेत शिरू नका.

तुम्ही दुकानदार असाल, तर स्वतःची गाडी सकाळीच दुकानाच्या दारात लावा आणि रात्री शटर ओढेपर्यंत हलवू नका. मग ‘गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागाच नाही’ अशा घोषणा देत मोर्चात सगळ्यात पुढे राहा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचे कोणी सुचवलेच, तर ‘तुम्ही कधी धंदा केलाय का?’ एवढेच विचारा. तासावर पैसे घेतले तर तीच जागा दिवसात कितीतरी गिऱ्हाइकांच्या कामी येईल, असा हिशेब मांडणारेही भेटतील. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी तर यातच हयात घालवली. म्हणे, फुकट पार्किंगचा खर्च मालाच्या किमतीतून आणि घरभाड्यातून पायी येणाऱ्याच्याही खिशातून जातो! प्राध्यापक स्वतः सायकलने कामावर जायचे, यातच सगळे आले.

तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर जागा मिळेपर्यंत चकरा मारा. कोंडी इतरांच्या गाड्यांमुळे होते, हे विसरू नका.

‘करून तर बघू’ या शब्दांपासून मात्र सावध राहा. स्टॉकहोममध्ये २००६ साली शहरात गाडी आणण्यावर प्रायोगिक शुल्क लावले. आधी लोकांचा विरोध होता. रहदारी साधारण पाचव्या हिश्शाने घटली, आणि त्याच वर्षी शहरातल्या मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. प्रयोग होऊ दिला, की माणसे अशी हातची जातात.

एवढे करूनही निर्बंध आलेच, तर मेक्सिको सिटीकडे बघा. तिथे १९८९ मध्ये नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम आला. अनेकांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली. तुम्हीही घ्या. ती लावायची कुठे, ही चिंता नको. फुटपाथ अजून शिल्लक आहेत.