२५२० : चमत्कार नव्हे, लसावि

वऱ्हाडातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की १ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे, ती रामानुजन यांनी शोधली आणि तिचं गुपित आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात आहे. यातला भागाकार खरा आहे, बाकीचं नाही.

‘एकमेव’ तर मुळीच नाही. ५०४०, ७५६०, १००८० यांनाही १ ते १० ने भाग जातो. २५२० च्या प्रत्येक पटीला जातो, आणि पटी संपत नाहीत. २५२० ही त्यांतली सगळ्यात लहान, म्हणजेच १ ते १० चा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य).

तो काढताना पोरं एका ठिकाणी हमखास चुकतात. २, ३, ५, ७ या मूळ संख्या एकेकदाच घेऊन गुणतात आणि २१० वर थांबतात. २१० ला ४ ने भागलं की बाकी २ उरते. मूळ संख्येचा जास्तीत जास्त घात घ्यायचा असतो: ८ साठी २ तीनदा, ९ साठी ३ दोनदा, मग ५ आणि ७ एकेकदा. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. एक २ कमी घेतला तर १२६० येतात, त्यांना ८ ने भागल्यावर ४ उरतात. एक ३ कमी घेतला तर ८४० येतात, तिथं ९ अडतो.

लसावि काढायची रीत ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात आहे, नवव्या शतकातले आपले गणिती महावीराचार्य यांच्याकडेही आहे. रामानुजन यांचं काम याहून कितीतरी खोल आहे, म्हणून हे खोटं श्रेय जास्त खटकतं. आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येला नाहीत इतके विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली मोठा निबंध छापला. २५२० ला ४८ विभाजक आहेत आणि त्या संख्यांच्या रांगेत ती अठरावी येते. रामानुजन यांच्या यादीतून २,९३,३१,८६,२५,६०० ही एक संख्या सुटली होती. तिला ५०४० विभाजक आहेत. ग्रुपवर फिरवायचंच असेल तर हे फिरवा!

राहिलं कॅलेंडर. ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. आठवड्याच्या ७ ने गुणलं की ती उणीव भरून निघते, एवढंच. वर्ष काही ३६० दिवसांचं नसतं.

वर्गात हे पटवायला वरुड-मोर्शीकडच्या संत्र्यांचा ढीग घ्या. २-२ ने मोजला तर १ उरतं, ३-३ ने २, असं करत १०-१० ने मोजला तर ९. ढिगात कमीत कमी संत्री किती? प्रत्येक वेळी एकच संत्रं कमी पडतंय, म्हणून २५२० − १ = २५१९. पण ५०३९ संत्र्यांचा ढीगही हीच बाकी देतो.