‘नेटवर टाकली की कविता गेली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

कवींच्या व्हॉट्सॲप गटांवर दर काही महिन्यांनी एक मजकूर नव्याने उगवतो. वर लाल दिवे, खाली जोडलेले हात. आशय असा : नवोदितांनो, कविता फेसबुकवर टाकू नका, टाकली की कॉपीराइट जातो आणि कंपनीची मालकी होते. टाकायचीच तर आधी ती रजिस्टर पोस्टाने स्वतःच्या पत्त्यावर पाठवा आणि पाकीट न फोडता जपून ठेवा. फॉरवर्ड होताना नाव गळणारच, त्याला इलाज नाही. नेटवर आलेली कविता कोणताही अंक छापत नाही. आणि तिथे भेटतात ते वाचक नव्हेतच, नुसते अंगठे. (हा मजकूर कुणी लिहिला, ते त्यात कुठेच नसतं.)

कविता चोरीला जातात हे खरं. पण त्या जातात वेगळ्याच कारणांनी, आणि पाकिटाने वाचत तर मुळीच नाहीत.

आधी मालकी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार कविता कागदावर किंवा पडद्यावर उतरली की हक्क कवीचा. नोंदणी, वर्तुळातला ‘सी’, ‘सर्व हक्क राखीव’ यातलं काहीच त्यासाठी लागत नाही. हा हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. म्हणून १९०५ साली गेलेल्या केशवसुतांची कविता आज कुणालाही छापता येते. १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांच्या कवितेला मात्र २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर सहीचा लेखी करार हवा, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. फेसबुकवर खातं उघडताना आपण देतो तो वापराचा परवाना असतो. तो जगभराचा असतो, फुकट असतो, पुढे दुसऱ्याला देता येण्याजोगा असतो. ऐसपैस आहे यात वाद नाही. पण तो एकट्या त्यांचा नसतो, त्यामुळे तीच कविता अंकाला, पुस्तकाला, गायकाला द्यायला आपण मोकळे. पोस्ट काढून ती त्यांच्या यंत्रणेतून पुसली गेली की परवानाही संपतो. ‘माझं लेखन वापरायला मी फेसबुकला परवानगी देत नाही’ ही भिंतीवर चिकटवायची घोषणा म्हणूनच निरर्थक. मान्य केलेला करार पाटी लावून बदलत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवायला हवं. हक्क असतो तो शब्दरचनेवर. विषय, वृत्त, काफिया (गझलेतलं यमक), रदीफ (यमकानंतर दर शेरात तसाच येणारा शब्द) यांवर तो नसतो. आपल्या गझलेच्या जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्त-काफिया-रदीफात, दुसऱ्याने गझल लिहिली तर ती चोरी नव्हे. तरही मुशायरा, म्हणजे दिलेल्या एका ओळीवर सगळे गझल लिहितात ती मैफल, तर त्यावरच चालतो. ‘माझी पावसाची कल्पना उचलली’ ही तक्रार कुठेच टिकणार नाही.

रजिस्टर पोस्टाचं पाकीट. शिक्का एवढंच सांगतो की अमुक दिवशी एक पाकीट पोहोचलं. ते उघडंच पाठवून नंतर भरलं की काय, हे शिक्क्याला कळत नाही, आणि कायद्यात त्याला वेगळं स्थानही नाही. त्यापेक्षा तारखेची सार्वजनिक पोस्ट आणि तिच्याखालच्या वाचकांच्या तारखेसह प्रतिक्रिया हा भक्कम पुरावा. खाडाखोडीचा कच्चा खर्डा फेकू नये. चोराकडे पक्की प्रत असते, खर्डा नसतो. पुढे जायचंच असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी करता येते. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. एकेक कविता नोंदवत बसण्यापेक्षा अख्खा संग्रह एक कृती म्हणून नोंदवलेला परवडतो. नोंदणीने हक्क जन्माला येत नाही, फक्त न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा हाती राहतो.

आयएसबीएनचा कॉपीराइटशी संबंध नाही, तो पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. अनेक कवींच्या ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’साठी दर कवितेमागे पैसे घेताना ‘आयएसबीएन शुल्क’ असा वेगळा आकडा कुणी लावला, तर तिथूनच परत फिरावं.

आता नाव गळण्याबद्दल. ते गळतं हे खरं, पण कसं गळतं ते पाहिलं तर इलाजही सापडतो. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होतो तो मजकूर, पाठवणारा नव्हे. पुढच्या माणसाला ‘फॉरवर्डेड’ एवढीच खूण दिसते. म्हणजे नाव कवितेच्याच संदेशात नसेल, खाली वेगळ्या संदेशात असेल किंवा ‘माझा नंबर सेव्ह आहेच’ अशा भरवशावर असेल, तर ते पहिल्याच उडीत गेलं. दुसरी गोष्ट : फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी जातं, आणि ‘अनेकदा फॉरवर्ड’ची खूण बसली की एकाच. ही अडचण टाळायला लोक मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवतात, आणि काटछाट होते ती इथे. शेवटची ओळ राहून जाते किंवा मुद्दाम उडवली जाते. स्टेटसवर तर लेखी मजकुराला ७०० अक्षरांचीच जागा, आणि यंत्र काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर, यंत्राला सहा. पंधरा अक्षरांच्या ओळी असतील तर साधारण चोवीस ओळींत जागा संपते, आणि तळाशी लिहिलेलं नाव बाहेर राहतं.

म्हणून नाव वर लिहा, शीर्षकाच्या त्याच ओळीत : ‘शीर्षक – कवीचं नाव’. वेगळी ओळ केली की ती काढणं सोपं होतं. संतांनी यावर फार आधी तोड काढली होती. ‘तुका म्हणे’ चरणातच असल्यामुळे नाव काढलं तर अभंगच मोडतो. गझलेच्या मक्त्यातलं, म्हणजे शेवटच्या शेरातलं, टोपणनावही तेच काम करतं. अर्थात उलट बाजूने नाममुद्रा घालून दुसऱ्याची रचना खपवताही येते. तुकारामांच्या गाथेतल्या क्षेपकांचा, म्हणजे मागाहून घुसडलेल्या अभंगांचा, वाद अभ्यासकांना काही नवा नाही. आज दिवंगत लेखकाच्या नावावर भलत्याच कविता फिरतात, तो त्याच घरचा प्रकार.

चित्र करून टाकायचं असेल तर उभं, १०८० बाय १३५० पिक्सेल, आणि एका चित्रात बारा-चौदा ओळींपेक्षा जास्त नको, नाहीतर अक्षर डोळ्यांना टोचतं. नाव कोपऱ्यात ठेवू नये, कारण कोपरा बोटाच्या एका ओढीत कापला जातो. शेवटच्या दोन कडव्यांच्या मधल्या पट्टीत ठेवलं तर कापणाऱ्याला कविताही कापावी लागते. मात्र चित्रातली अक्षरं शोधात नीट येतीलच असं नाही, म्हणून इन्स्टाग्रामवर खाली पूर्ण मजकूरही द्यावा. २२०० अक्षरांपर्यंत जागा असते. आवाजी संदेशाला तर शीर्षकही नसतं. तिथे कविता सुरू करण्याआधी नाव बोलावं लागतं.

टंकाची (फॉन्टची) एक मेख बहुतेकांना ठाऊक नसते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात मध्ये अदृश्य जोडचिन्ह असतं. कॉपी करताना ते गळालं की ‘दुसर्या’ होतं. आपली कविता कुठे फिरते आहे ते शोधायचं तर मधल्या कडव्यातली अशी अक्षरं नसलेली ओळ घ्या आणि दुहेरी अवतरणांत घालून शोधा. पहिली ओळ नको, चोर बदलतो ती बहुधा पहिली ओळ आणि शीर्षक. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात बसवलेली कविता तशीच चिकटवली तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग प्रत्येक अनुस्वार तपासा. ‘मंद’चं ‘मद’ झालं की अर्थ तर जातोच, एक मात्राही जाते आणि वृत्त लंगडतं.

दुसऱ्याच्या नावावर कविता सापडली तर भांडायच्या आधी पुरावा घ्यावा. पूर्ण पडद्याचं चित्र, पोस्टचा दुवा, तारीख. प्रतिक्रिया लिहिली की समोरचा पोस्ट पुसतो आणि हातात काही उरत नाही. मग खासगी निरोप. बरेचजण नाव टाकून मोकळे होतात, त्यांना कवी खरंच माहीत नसतो. नाही ऐकलं तर जिथे नक्कल आहे त्या फेसबुककडे किंवा इन्स्टाग्रामकडे कॉपीराइटचा तक्रार-अर्ज. त्यात आपल्या मूळ पोस्टचा दुवा, नक्कलेचा दुवा, खरं नाव, ईमेल आणि माहिती खरी असल्याची घोषणा द्यावी लागते. ही तक्रार कवी किंवा त्याने नेमलेला माणूसच करू शकतो. पन्नास मित्रांना ‘रिपोर्ट करा’ म्हणण्याने काही हलत नाही. आपलं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, तेव्हा त्यासाठी वेगळा ईमेल ठेवलेला बरा. नाव खोडणं आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड या दोन्हींविरुद्ध कलम ५७ चा आधार आहे, आणि कॉपीराइट विकला तरी तो शाबूत राहतो. व्हॉट्सॲपच्या बंद गटांत मात्र हात पोहोचत नाही. संदेश कूटबद्ध असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतात, बाहेरून कुणी पुसू शकत नाही. तिथे उपयोग वर लिहिलेल्या नावाचाच.

अंक छापत नाहीत, हे अर्धं खरं. पुष्कळ दिवाळी अंक आणि नियतकालिकं ‘अप्रकाशित’ अशी अट घालतात, आणि संपादक फेसबुकवरची पोस्टही प्रकाशितच मानू शकतो. त्यावर इलाज वहीचा. दर कवितेपुढे चार रकाने : लिहिली कधी, पाठवली कुठे, उत्तर काय, नेटवर टाकली कधी. अंकासाठी राखलेली कविता उत्तर येईपर्यंत टाकू नये, आणि छापून आली की अंकाच्या नावासह खुशाल टाकावी. लेखी हक्क दिला नसेल तर अंकात छापल्याने कॉपीराइट संपादकाकडे जात नाही. संग्रहाच्या बाबतीत हा अडसर सहसा येत नाही. आधी अंकांत येऊन गेलेल्या कविताच संग्रहात जायच्या, ही मराठीतली जुनीच रीत आहे.

राहिले अंगठे. कवींच्या गटात कविता टाकली की अंगठेच मिळणार, कारण तिथला प्रत्येकजण स्वतःची टाकायला आलेला असतो. वाचक हवा असेल तर व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून पाहा, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा, खासगीत जातो. एका यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. ज्याने नाही साठवला त्याला तो मिळतच नाही आणि आपल्याला वाटतं, त्याला आवडली नाही. म्हणून आधी विचारून, क्रमांक साठवायला सांगूनच नाव घालावं. आठवड्याला एक कविता पुरे, वार ठरलेला. उत्तर खासगीत येतं, चारचौघांत दाद द्यायची नसते, म्हणून लोक खरं लिहितात. ‘छान’ आलं तर ‘कुठली ओळ अडली?’ एवढं उलट विचारावं. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीच ओळ सांगितली तर ती वहीत लाल शाईने.