राष्ट्रीय सायकलविक्रम घरपोच येत नाही

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘राष्ट्रीय विक्रम करणे आता सोपे. सायकल कोणतीही चालेल. श्रीनगर ते कन्याकुमारी गाठा, स्ट्रावा ॲपची लिंक आणि फी पाठवा, प्रमाणपत्र घरी येईल. नोकरीच्या आरक्षणातही चालते.’ यातले खरे एवढेच, की प्रमाणपत्र घरी येते.

‘श्रीनगर ते कन्याकुमारी गाठा.’ जरूर गाठा, पण तो फेडरेशनचा विक्रम नव्हे. खेळ म्हणून सायकलिंग बघते ती सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया, आणि तिच्या वर स्वित्झर्लंडमधली यूसीआय ही जागतिक संघटना. यूसीआयचे जागतिक विक्रम ट्रॅकवरचे असतात: फ्लाइंग (म्हणजे धावत्या सुरुवातीचे) २०० मीटर, एक किलोमीटर, परस्यूट (पाठलागाची शर्यत), तासाचा विक्रम (तासाभरात जास्तीत जास्त अंतर). रस्त्यावर वारा, उतार, वाहतूक रोज वेगळी. तुलना कशाची करणार? गावाहून गावाला जाण्याचे विक्रम गिनीज किंवा वर्ल्ड अल्ट्रासायकलिंग असोसिएशन नोंदवते. तेही दमछाक करणारे आणि मानाचेच, फक्त खाते वेगळे. बाकी विक्रमांची पुस्तके काढणारी खासगी प्रकाशने आहेत. त्यांचे मेडल गळ्यात घालायला कोणाची ना नाही, पण छातीवर ‘राष्ट्रीय विक्रमवीर’ लिहिण्याआधी ते कोणी दिले हेही लिहावे.

‘सायकल कोणतीही चालेल.’ यावर मला खरोखर हसू येते, कारण या खेळात सर्वांत जास्त भांडणे सायकलीवरूनच झाली आहेत. यूसीआयच्या स्पर्धेत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. बसण्याच्या ढबीलाही नियम आहे. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ साली मँचेस्टरमध्ये दोन्ही हात पुढे ताणून तासात ५६.३७५ किलोमीटर काढले. २००० साली यूसीआयने ठरवले की तासाचा विक्रम जुन्या घडणीच्या सायकलवरचाच धरायचा. मग बेल्जियमच्या एडी मर्क्सचे १९७२ मधले, मेक्सिको सिटीतले ४९.४३१ किलोमीटर पुन्हा अधिकृत झाले आणि बोर्डमनचा आकडा दुसऱ्या यादीत गेला. गडी हटला नाही. त्याच वर्षी साध्या सायकलवर बसून त्याने ४९.४४१ केले, म्हणजे मर्क्सच्या पुढे जेमतेम १० मीटर! २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले, तरी १९९६ चा तो आकडा ओलांडायला २०२२ मध्ये इटलीचा फिलिप्पो गाना यावा लागला: ५६.७९२.

‘स्ट्रावाची लिंक पाठवा.’ फेरी नोंदवणारे हे ॲप चालत्या चाकाचा वेळ वेगळा दाखवते, आणि लोक तोच मिरवतात. लांब पल्ल्याच्या विक्रमात घड्याळ थांबत नाही; झोप, जेवण, पंक्चर, सगळे त्यातच. जीपीएसच्या जोडीला नोंदवही, साक्षीदार, फोटो-व्हिडिओ लागतात. मुख्य म्हणजे अर्ज आधी करायचा, नियम हातात घ्यायचे, मग पॅडल मारायचे. नियम किती काटेकोर? पृथ्वीप्रदक्षिणेला गिनीज किमान २८,९७० किलोमीटर प्रत्यक्ष सायकलवर मागते, शिवाय निघाल्या जागी परत यावे लागते. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली तेव्हा देशभर बातम्या आल्या, पण तिला उरलेले १५ किलोमीटर चालवायला पुन्हा विमानाने पर्थला जायचे होते.

‘आरक्षणात चालते.’ नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणात मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी बघतात.

काही ठिकाणी याला शेपूट जोडलेले असते: ‘सुपर रँडोनर म्हणजे राष्ट्रीय विक्रमवीरच.’ एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, पुऱ्या केल्या की हा किताब मिळतो. ६०० ला ४० तास असतात; कोणी २८ तासांत आले काय किंवा ३९ तासांत, दोघे सारखेच. तिथे क्रमांकच नाही, तर विक्रम कुठून येणार?

ज्याला फेडरेशनच्या यादीत नाव हवे, त्याने जिल्हा संघटनेपासून सुरुवात करावी. परवाना काढावा, राज्य निवड गाठावी, राष्ट्रीय ट्रॅक स्पर्धेत पंचांसमोर आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळावर वेळ द्यावी. महाराष्ट्रात पुण्याजवळ बालेवाडीला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला २५० मीटरचा छताखालचा लाकडी ट्रॅक आहे. तिथेच रोनाल्डो सिंगने २०२२ मध्ये आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य घेतले.