‘हा हट्ट कशासाठी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर वर्षभर, दर महिन्याला एक याप्रमाणे, जागेवर बसून काढलेल्या बारा जलरंगचित्रांविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि मोकळेपणाने प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : उन्हापावसात घाटावर जाऊन बसणे हा निव्वळ हट्ट आहे, चांगल्या फोटोवरून घरी हेच चित्र अधिक नेटके झाले असते, जुलैच्या चित्रात आकाशावर पडलेले डाग ही हलगर्जी आहे, आणि पावसाळ्यातल्या सगळ्या चित्रांत हिरवा रंग एकच दिसतो. यांतला शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याविषयी पुढे लिहितोच. पहिल्या तीन आक्षेपांबाबत मात्र माझे मत वेगळे आहे व ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

कागदावरचे पाणी किती वेळात वाळते, यावर जलरंगातली प्रत्येक कड अवलंबून असते. मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास मी आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायला घेतला, तेव्हा ब्रश उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत डावीकडची कड वाळून तिथे रेघ उमटत होती. दोन कागद वाया गेल्यावर मी अर्धा इम्पिरियल (चित्रकलेच्या मोठ्या कागदाचा अर्धा भाग) बाजूला ठेवून पाव आकाराचा कागद घेतला, तो दोन्ही बाजूंनी भिजवला आणि आकाश एका दमात उतरवले. तरीही डोंगराची रेषा, वाड्याची भिंत, घाटाच्या पायऱ्या या सगळ्यांच्या कडा कोरड्या आणि धारदार आल्या, आणि त्या दिवशीचे ऊनही नेमके तसेच होते. जुलैमध्ये तोच 300 जीएसएमचा जाड कागद, तोच ब्रश आणि तेच रंग होते, पण पहिला वॉश अर्धा तास उलटला तरी ओलाच होता. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र केले, की पाणी जितका वेळ टिकेल तितका अल्ट्रामरीनचा कण कागदाच्या खळग्यांत सावकाश बसत जातो. आपण ज्या करड्या आकाशाचे कौतुक केले आहे, त्याचा रवाळपणा त्या दमट हवेतून आलेला आहे. पांडवगडाचा माथा ढगात विरघळलेला दिसतो, त्याचेही कारण हेच की मी तो रंगवला तेव्हा कागद ओला होता, आणि तो वाळण्याची वाट पाहणे त्या हवेत शक्यच नव्हते. हेच चित्र घरी पंख्याखाली केले असते, तर फोटो जुलैचा असला तरी कागद जुलैसारखा वागला नसता.

डागांचेही असेच आहे. वाऱ्याने छत्री कलली आणि भुरभुर कागदावर आली. त्या वेळी वॉशवरची चकाकी नुकतीच गेली होती, पण आत ओल होती. अशा अवस्थेत पडलेला थेंब रंगाला बाहेर ढकलतो आणि मध्ये फिका, कडेला गडद असा ठिपका सोडतो. तोच थेंब पाच मिनिटे आधी पडला असता, तर वॉशमध्ये मिसळून गेला असता. ते ठिपके टिपून घेणे मला जमले असते, परंतु समोर पाऊस पडत असताना ते पुसावेसे मला वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

फोटोविषयी एकच उदाहरण देतो. डिसेंबरमध्ये सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर तिरपे ऊन येते, तेव्हा पायरीची आडवी बाजू उबदार पिवळसर दिसते आणि उभी बाजू सावलीत जाते. त्या सावलीत सूर्य पोहोचत नसला, तरी मोकळ्या आकाशाचा प्रकाश पोहोचतो, म्हणून काळा कातळ तिथे स्वच्छ निळसर दिसतो. त्याच वेळी मी मोबाइलवर घेतलेल्या फोटोत या सगळ्या सावल्या काळपट, जवळजवळ सपाट आल्या आहेत. वीस मिनिटांत त्या सावल्या दोन बोटे सरकतात, त्यामुळे आधी त्यांचीच जागा ठरवून घ्यावी लागते आणि बाकीचे चित्र नंतर. कुठली गोष्ट आधी धरायची आणि कुठली सोडून द्यायची, हा निर्णय फोटोसमोर बसून कधी घ्यावाच लागत नाही. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला, तेव्हा त्यांनाही पाण्यावरचा प्रकाश असाच निसटत असणार, असे मला नेहमी वाटते.

आता हिरव्या रंगाविषयी. आपण अगदी बरोबर बोट ठेवले आहे. पावसात घाई होते म्हणून मी ट्यूबमधला तयार सॅप ग्रीन सर्वत्र वापरला, आणि ती चूक आहे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. उसाच्या पात्याचा हिरवा राखट आणि थोडा निळ्याकडे झुकणारा आहे, हळदीचे रुंद पान पोपटी आहे, भातखाचरातल्या हिरव्यात लिंबासारखा पिवळा मिसळलेला आहे आणि घाटाच्या दगडावरचे शेवाळ जवळजवळ काळे आहे. माझ्या चित्रांत हे चारही एकाच रंगाने बुजवलेले आहेत. जागेवर बसूनही मी पाहिले नाही, हे मला जास्त लागले. पॅलेटमधून सॅप ग्रीन आता काढून टाकला आहे. दोन पिवळे आणि दोन निळे यांतूनच हिरवा मिसळायचा, असे ठरवले आहे.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नव्हती, पण सांगायला हवी. ऑगस्टच्या चित्रातली वाड्याची भिंत पाऊस वाढल्यामुळे अर्धवट राहिली होती आणि ती मी घरी, फोटोवरूनच पूर्ण केली. ‘सर्व चित्रे संपूर्णपणे जागेवर’ हे लेखातले विधान त्यामुळे खरे नव्हते. ते मी आज दुरुस्त केले आहे. डिसेंबरच्या चित्राशेजारी त्या सकाळचा फोटोही जोडला आहे. सावल्या ताडून पाहाव्यात आणि आपल्याला काय दिसते ते अवश्य कळवावे.