‘एसजी फ्लॅग लावा आणि निर्धास्त व्हा’ ही पोस्ट पुढे पाठवण्याआधी

लिनक्सच्या एएफ_एक्सडीपी सॉकेटवरून (प्रोग्रॅमला नेटवर्क कार्डाशी जवळजवळ थेट जोडणारी सोय) मोठी पॅकेटं कशी पाठवावीत, यावर पाच मुद्द्यांची एक पोस्ट सध्या जोरात फिरते आहे. तिचा सूर असा: बाइंड करताना, म्हणजे सॉकेट कार्डाशी जोडताना, एक्सडीपी_यूझ_एसजी हा फ्लॅग लावा; मग पॅकेटचे तुकडे कितीही असोत, बाकीचं कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बघून घेतं. माझ्या भाचीने ही पोस्ट वाचली आणि आपल्या प्रोग्रॅममधली तुकडे मोजणारी तपासणी काढून टाकली. आता तो प्रोग्रॅम थोडा वेळ नीट चालतो आणि मग मुकाट बंद पडतो. “मामा, एरर तर कुठेच येत नाही,” असं ती म्हणाली, तेव्हा मी ती पोस्ट शब्दन् शब्द वाचली. एवढ्या ठामपणे इतकं चुकीचं लिहिलेलं मला सहन होत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. एएफ_एक्सडीपी कर्नेल 4.18 पासून आहे. यात प्रोग्रॅम स्वतः संपूर्ण इथरनेट फ्रेम यूमेम नावाच्या सामायिक मेमरीत रचतो आणि तिचा पत्ता-लांबी सांगणारा डिस्क्रिप्टर टीएक्स रिंगवर, म्हणजे पाठवायच्या रांगेत, ठेवतो. टीसीपी-आयपीचा नेहमीचा रस्ता मधे येतच नाही. आधी एक पॅकेट म्हणजे एकच बफर असायचा. 2023 मधल्या 6.6 आवृत्तीपासून एक पॅकेट अनेक बफरांत ठेवता येतं. शेवटचा सोडून प्रत्येक तुकड्याच्या डिस्क्रिप्टरवर एक्सडीपी_पीकेटी_सीओएनटीडी हा फ्लॅग लावायचा, म्हणजे “पुढचा डिस्क्रिप्टरही याच पॅकेटचा” असं कर्नेलला कळतं. एसजी फ्लॅग फक्त ही सोय चालू करतो. तो कुठलीही मर्यादा उठवत नाही.

पहिला दावा: तुकड्यांना मर्यादा नाही. आहे, आणि ती कर्नेलच्या स्वतःच्या एएफ_एक्सडीपी दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेली आहे. कॉपी मोडमध्ये, म्हणजे कर्नेल डेटाची प्रत करून घेतं तेव्हा, एका पॅकेटचे जास्तीत जास्त तुकडे म्हणजे कॉन्फिग_मॅक्स_एसकेबी_फ्रॅग्ज अधिक एक. या सेटिंगची किमान किंमत 17, म्हणून कुठल्याही यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम हवा असेल तर 18 च्या पुढे जाऊ नका, असं तिथेच सांगितलं आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. कॉपी मोडमध्ये कर्नेल तुमच्या पॅकेटचा एसकेबी (पॅकेट ठेवायची कर्नेलची स्वतःची रचना) बनवतं. साधारणपणे पहिला तुकडा त्याच्या मुख्य भागात जातो आणि उरलेल्यांना फ्रॅग्जच्या यादीत जागा मिळते. यादी भरली की जागा संपली.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ही मर्यादा तुकड्यांच्या संख्येवर आहे, बाइटांवर नाही. 9000 एमटीयूच्या (एका पॅकेटच्या कमाल बाइटांच्या) जाळ्यात 4096 च्या बफरांत ठेवलेलं पूर्ण जम्बो पॅकेट 3 तुकड्यांत बसतं, 2048 च्या बफरांत 5 तुकड्यांत. त्यामुळे पुष्कळांना ही भिंत कधी लागतच नाही आणि ती नाहीच असा समज होतो. पण हेडर एका बफरात, मेटाडेटा दुसऱ्यात, पेलोड बारीक बारीक बफरांत, अशी रचना असेल तर 400 बाइटांचे 20 तुकडे होऊ शकतात. एकूण फक्त 8000 बाइट, एमटीयूच्या आत, तरीही पॅकेट नाकारलं जातं.

आता दुसरा दावा, ज्याने मला खरा राग आला तो. पोस्ट म्हणते, “मर्यादा ओलांडली तरी फार तर जादाचे तुकडे गळतात, मूळ पॅकेट पोहोचतं.” प्रत्यक्षात याच्या बरोबर उलट घडतं. मर्यादा ओलांडल्याचं कर्नेलला कळतं तेव्हा तोवर जमलेले सगळे तुकडे टाकून दिले जातात आणि अवैध धरले जातात. त्यानंतर दस्तऐवजातलं वाक्य असं आहे की पुढचा डिस्क्रिप्टर नव्या पॅकेटची सुरुवात मानला जातो, तुमचा तसा हेतू नसला तरीही, कारण हेतूचा अंदाज कर्नेलला करता येत नाही.

वरचंच उदाहरण घ्या. अठराव्या तुकड्यावरही “पुढे आहे” असा फ्लॅग दिसतो, म्हणून पहिले 18 तुकडे टाकून दिले जातात. एकोणिसावा आणि विसावा तुकडा मिळून 800 बाइटांचं एक “नवं” पॅकेट बनतं, आणि आकाराने ते इतकं साधं असतं की नेटवर्क कार्डाला संशय यायचं काही कारणच नाही. पत्राची पहिली अठरा पानं फाडून एकोणिसाव्या पानाच्या पहिल्या ओळीलाच पत्ता समजून ते टपालात टाकावं, तसं हे आहे. एकोणिसाव्या तुकड्याचे पहिले 6 बाइट गंतव्य मॅक पत्ता ठरतात, पुढचे 6 पाठवणाऱ्याचा पत्ता, त्यापुढचे 2 प्रोटोकॉलचा प्रकार. तिथे तुमच्या वापरकर्त्याचा डेटा आहे! त्यातला पहिला बाइट विषम असला की ते मल्टिकास्ट, म्हणजे अनेक यंत्रांसाठीचं, दिसतं. सम असला तर बहुधा स्विचला अनोळखी असलेला पत्ता निघतो आणि स्विच ती फ्रेम त्या व्हीलॅनच्या (जाळ्याच्या त्या विभागाच्या) सगळ्या पोर्टांवर पाठवतो. शिवाय पाठवणाऱ्याच्या जागी पडलेला कचरा वैध पत्त्यासारखा दिसला, तर स्विच तोही आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवतो. एका माणसाचा डेटा असा भलत्या यंत्रांपर्यंत पोहोचतो, आणि याला “जादाचे तुकडे गळतात” म्हणायचं?

तिसरा दावा, पाठवण्याच्या सेंडटू कॉलबद्दल: “सेंडटूने एरर दिली नाही म्हणजे पॅकेट गेलं.” भाची नेमकी इथेच फसली. कर्नेलच्या आत या प्रसंगाला ईओव्हरफ्लो हा एरर आहे, पण कॉपी मोडचा पाठवणारा लूप तो आतच गिळतो आणि पुढच्या डिस्क्रिप्टरकडे वळतो. तुमच्या हातात शून्य, म्हणजे “सगळं ठीक” असं उत्तर, येतं. वर, अवैध ठरलेले तुकडे कंप्लिशन रिंगवर, म्हणजे काम झालेले बफर कर्नेल परत देतं त्या रांगेत, परत येत नाहीत. जो प्रोग्रॅम कंप्लिशन बघूनच बफर मोकळे समजतो, त्याचे 18 बफर प्रत्येक अशा पॅकेटमागे हरवतात. यूमेममध्ये 4096 बफर असतील तर अशा 227 पॅकेटांनंतर 10 उरतात. मग पाठवायला बफरच नाहीत, आणि कुठे तक्रारही नाही. खरी खूण सापडते ती गेटसॉकऑप्ट या कॉलने सॉकेटची आकडेवारी, एक्सडीपी_स्टॅटिस्टिक्स, मागवल्यावर. त्यातला टीएक्स_इन्व्हॅलिड_डेस्क्स हा आकडा वाढत असेल तर दोष तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे.

चौथा दावा असा की झीरो-कॉपीमध्येही, म्हणजे प्रत न करता कार्ड थेट यूमेममधून डेटा उचलतं तेव्हाही, हेच नियम आणि हाच आकडा. अजिबात नाही. तिथे मर्यादा नेटवर्क कार्ड ठरवतं, आणि तपासलेल्या कार्डांवर ती सहसा निदान 5 असते, इतकंच दस्तऐवज सांगतो. म्हणजे 18 गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम झीरो-कॉपीत आपटू शकतो. नेटलिंकवरून (कर्नेलला नेटवर्कची माहिती विचारायच्या सोयीवरून) एक्सडीपी_झेडसी_मॅक्स_सेग्ज, म्हणजे त्या कार्डाची मर्यादा, विचारा. उत्तर 1 आलं तर त्या कार्डावर झीरो-कॉपीत अनेक बफरांचं पॅकेट पाठवताच येत नाही.

पाचवा दावा असा की मर्यादा वाढवता येते. त्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कर्नेल पुन्हा बांधून मॅक्स_एसकेबी_फ्रॅग्ज 45 पर्यंत नेता येतं आणि मग त्या यंत्रावर कॉपी मोडमध्ये 46 तुकडे चालतात. पण तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या साध्या कर्नेलवर गेला की वर सांगितलेलं सगळं पुन्हा सुरू. याच मुद्द्यात “मोठं पॅकेट कर्नेल आपोआप कापून देतं” असंही घुसडलेलं आहे. टीसीपी सॉकेटच्या बाबतीत ते खरं आहे, गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. एएफ_एक्सडीपीत अनेक बफर म्हणजे तारेवर एकच फ्रेम. ती कापणारं मधे कोणी नाही.

पोस्टखालच्या प्रतिक्रियांत कोणीतरी शेवट दाखवायला शून्य लांबीचा डिस्क्रिप्टर जोडायचा सल्ला दिला आहे. तो तर मुळीच ऐकू नका. शून्य लांबीचा डिस्क्रिप्टर अवैध असतो आणि आपल्याबरोबर अख्खं पॅकेट घेऊन बुडतो.

भाचीच्या प्रोग्रॅममध्ये तुकडे मोजणारी तपासणी आम्ही परत घातली. रिंगवर पहिला डिस्क्रिप्टर ठेवायच्या आधी तुकडे मोजायचे. कॉपी मोडमध्ये मर्यादा 18, झीरो-कॉपीत कार्डाने सांगितलेली. जास्त भरले तर बारीक तुकडे एका मोठ्या बफरात कॉपी करून एकत्र करायचे. ही कॉपी टाळण्यासाठीच तिने तपासणी काढली होती, पण 8000 बाइट 4096 च्या दोन बफरांत मावतात आणि पॅकेट पूर्ण जातं.