मुझॅक इतकंही बिचारं नव्हतं

पार्श्वसंगीतावरच्या तुमच्या लेखात मुझॅकला (म्हणजे दुकानं, ऑफिसं, कारखान्यांना तयार पार्श्वसंगीत पुरवणारी अमेरिकन कंपनी आणि तिचं ते संगीत) नुसतं 'लिफ्टमधलं बुळबुळीत संगीत' म्हणून निकालात काढलंय, पण त्यामागचं डोकं भन्नाट होतं हो. जॉर्ज स्क्वायर हा अमेरिकन लष्करातला मेजर जनरल, त्याने तारांवरून संगीत पुरवायची आयडिया काढली, १९३४ पासून मुझॅक हे नाव आलं. आणि खरी गंमत पुढे, कारखान्यांसाठी त्यांनी पंधरा-पंधरा मिनिटांचे ब्लॉक बनवले, सुरुवातीला संथ, मग हळूहळू ठेका आणि वाद्यं वाढवत न्यायची आणि मग चक्क पंधरा मिनिटं शांतता!! म्हणजे कामगार पेंगायला लागला की गाण्याने चाबूक मारायचा, तोही त्याला न कळता. मला तरी हे जरा भीतीदायकच वाटतं.

आणि 'तेव्हा कोणाची तक्रार नव्हती' असं लेखात म्हटलंय, हे तर साफ चूक. वॉशिंग्टनच्या ट्राम-बसमध्ये रेडिओ वाजायचा (तो मुझॅकचा नव्हता, पण दुखणं तेच), त्यावर लोक थेट सुप्रीम कोर्टात गेले. १९५२ ला हरले. जस्टिस डग्लसनी मात्र विरोधात लिहिलं, की बसमधला माणूस उठून जाणार कुठे. आणि जस्टिस फ्रँकफर्टर तर खटल्यातून बाजूलाच झाले, का तर म्हणे मी स्वतःच या प्रकाराने इतका वैतागलोय की निःपक्षपातीपणे निकाल देणं जमायचं नाही 😄

हल्ली मॉलमध्ये जे चालतं त्यावरही लिहा की राव, तिथे तर शांततेचा ब्लॉकही नसतो.