खंडोबाही डाव हरला होता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि सविस्तर लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून न देता स्वतंत्रच उत्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगलीत विश्रामबागला आमचा एक गट रविवारी दुपारी टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंगचा खेळ खेळतो. जगभरच्या पुराणकथांमधून शक्ती मिळालेले सुपरहिरो आम्ही उभे करतो आणि त्यांची गोष्ट सगळे मिळून पुढे नेतो. त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर उंब्रजकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी आक्षेप घेतले: खेळात देवांच्या ताकदीला आकडे देणं ही विटंबना आहे, आपले देव आणि ‘मेलेल्या धर्मांचे’ देव एका पंगतीला बसवणं चूक आहे, आणि मुळात हा परक्यांचा खेळ आहे, पोरांनी त्यापेक्षा पोथी वाचावी. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘उद्या खंडोबालाही फासे टाकायला लावाल.’

सर, त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. तुम्ही दर पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला जाता असं लिहिलंय, म्हणजे ही कथा तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकली असणार. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळायला बसतो, डाव हरतो आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो. मग ओळख लपवून धनगराच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरं राखतो, आणि तिथे त्याला बाणाई मिळते. फासे आम्ही त्याच्या हातात दिलेले नाहीत, ते आधीपासूनच आहेत. वेरूळच्या लेण्यांतही शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. कोरणाऱ्या हातांना त्यात देवाचा अवमान दिसला नाही.

मला या कथेत सगळ्यात मोठं वाटतं ते हे की देव हरल्यावर पट उधळून देत नाही. मल्हारी मार्तंड आहे तो, त्याला कोण अडवणार होतं? पण खेळायला बसला म्हणजे त्या खेळाचा नियम त्यालाही लागू. आमचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. शक्ती कितीही मोठी असो, तिला एक अट असते, आणि गोष्ट घडते ती त्या अटीपाशी.

आता आकड्यांचं. देवांना आकडे देऊ नयेत हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि आमच्या टेबलावर ते पहिल्या दिवसापासून पाळलं जातं. पण तुमचा राग उगाच नाही, त्यामागे इतिहास आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. तो काढणाऱ्याच कंपनीने १९८० साली ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात ग्रीक, नॉर्स (म्हणजे उत्तर युरोपातले जुने), सुमेरियन (म्हणजे प्राचीन इराकमधले), फिनिश आणि भारतीय देवसुद्धा हिट पॉइंटसकट मांडलेले होते. हिट पॉइंट म्हणजे किती घाव सोसून पात्र उभं राहील याचा आकडा. झ्यूसला ४००. एकदा आकडा लिहिला की खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी हिशेब मांडणारच: इतके घाव घातले की झ्यूस आडवा. त्या पुस्तकामुळे कित्येकांना सुमेरियन किंवा फिनिश देवांची नावं पहिल्यांदा कळली, हे मी विसरत नाही. पण देव म्हणजे फक्त आणखी मोठा राक्षस, अशी समजूतही त्यातूनच रुजली. तुम्हाला जी विटंबना वाटते ती हीच असेल, तर आपण एकाच बाजूला आहोत.

मग आमच्याकडे आकडे कुणाला असतात? माणसांना. आमचे सगळे हिरो मर्त्य आहेत. कुणाला एखाद्या देवाचा वर मिळालाय, कुणी एखाद्या वीराच्या वंशातलं आहे, कुणाच्या हाती कुणा देवीची जुनी वस्तू आलीय. इथे मला १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरो खेळाचे आभार मानावेसे वाटतात. त्यात पात्र पॉइंट खर्चून घडवायचं असतं आणि शक्ती विकत घ्यायच्या असतात. पॉइंट कमी पडले तर एखादं वैगुण्य स्वीकारायचं: एखादा शत्रू, एखादं व्रत, एखादी दुखरी जागा. ते स्वीकारलं की त्याबदल्यात आणखी पॉइंट मिळतात. म्हणजे जितकी शक्ती हवी तितकं ओझं उचलायचं.

सर, हे आपल्याला कुणी परक्याने शिकवायला हवं होतं का? हिरण्यकशिपूचा वर आठवा. ना दिवसा, ना रात्री, ना घरात, ना बाहेर, ना माणसाकडून, ना पशूकडून. सगळ्या वाटा बंद केल्या असं त्याला वाटलं आणि उंबरठा तेवढा राहिला. कर्णाकडे विद्या होती, पण ऐन वेळी ती आठवणार नाही हा शापही होता. आयर्लंडच्या कथांमधला कुखुलिन तर माझा फार आवडता आहे. त्याच्यावर दोन बंधनं होती: कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. वाटेत म्हाताऱ्या बायका कुत्र्याचं मांस शिजवत बसलेल्या असतात आणि त्याला जेवायला बोलावतात. इथे तलवार काय करणार? कुठलं तरी एक बंधन मोडावंच लागतं. तो खातो, त्याचं बळ ओसरतं, आणि पुढच्या लढाईत तो मरतो. ही गोष्ट वाचताना आपण हळहळतो. पण टेबलावर त्याच जागी स्वतः बसलं आणि गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, विचारलं, ‘आता तू काय करतोस?’, की घशाला कोरड पडते. तो प्रश्न वाचनात कुणी आपल्याला विचारत नाही.

एका सेशनबद्दल जरा तपशिलात सांगते, म्हणजे आम्ही नक्की काय करतो ते तुम्हाला दिसेल. सुमेरियन कथेत इनान्ना ही देवी आपल्या बहिणीच्या, एरेश्किगालच्या, पाताळात उतरते. वाटेत सात दारं आहेत. प्रत्येक दाराशी द्वारपाल तिच्या अंगावरचं एकेक काढून घेतो: मुकुट, मणी, असं करत शेवटी वस्त्र. तिने का म्हणून विचारलं की उत्तर एकच, इथले नियम असेच आहेत, बोलू नकोस. आमच्या हिरोंना त्याच वाटेने खाली जायचं होतं. आम्ही प्रत्येक शक्ती वेगळ्या कार्डावर लिहितो आणि वैगुण्यं लाल शाईने. मी द्वारपाल झाले. मधोमध स्टीलचा डबा ठेवला. एरवी त्यात भडंग असतं, ते त्या दिवशी परातीत ओतलं होतं. दर दाराला प्रत्येकाने एक कार्ड डब्यात टाकायचं.

हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारा आमचा एक गडी आहे. त्याचा हिरो नॉर्स देव टीरच्या वराने बलवान झालेला. टीरने फेनरिर लांडग्याच्या जबड्यात आपला हात तारण ठेवला आणि गमावला. त्या गड्याने पहिल्याच दाराला उजव्या हाताचं कार्ड टाकलं, काही न बोलता. टेबलावर सगळे गप्प झाले. मिरजेला नर्सिंग शिकणारी एक मुलगी आमच्यात आहे. तिने जखमा बांधायची विद्या सहाव्या दारापर्यंत धरून ठेवली होती. सातव्याला तीही गेली. हातात उरलं ते एकच लाल कार्ड: ‘कुणीही कण्हलं की मला थांबावंच लागतं.’ वैगुण्य डब्यात टाकता येत नाही, असा आमचा नियम.

आत एरेश्किगाल वेदनेने कण्हत होती. मी तिला कुठलाही आकडा दिलेला नव्हता. बाकीचे पळायची वाट शोधत होते, पण हिला थांबावंच लागलं. ती म्हणाली, मी तिच्याजवळ बसते. देवी म्हणाली, आई गं माझं पोट. ही म्हणाली, हो, तुमचं पोट. देवी म्हणाली, माझी पाठ. ही म्हणाली, हो, तुमची पाठ. सर, मूळ सुमेरियन काव्यात अगदी हेच घडतं. एंकी देवाने पाठवलेले दोन जीव एरेश्किगालच्या कण्हण्याला तसाच प्रतिसाद देतात, त्यामुळे ती प्रसन्न होते आणि इनान्नाची सुटका होते. त्या मुलीला ही कथा माहीत नव्हती. ती त्या वेदनेपर्यंत स्वतःच्या वाटेने पोचली, तेही सगळ्या शक्ती काढून घेतल्यावर. त्या दुपारी फासे एकदाही पडले नाहीत. नंतर मी तिला मूळ कथा सांगितली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मातीच्या पाट्यांवर ही कथा लिहून ठेवणाऱ्याने याहून वेगळं काय मागितलं असतं?

‘मेलेल्या धर्मांचे देव’ या शब्दांशी मात्र मी अजिबात सहमत नाही. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्यांच्या संस्थेला १९७३ साली सरकारी मान्यता मिळाली. योरुबा लोकांचा शांगो हा मेघगर्जनेचा देव नायजेरियातच काय, ब्राझील आणि क्यूबामध्येही आज पुजला जातो. त्यांच्याच ओशुन देवीचं, नायजेरियातल्या ओशोग्बोचं राखीव रान २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथे दरवर्षी उत्सव भरतो. पालला भंडारा उधळला जातो तेव्हा तुमच्या मनात जे असतं, तेच तिथे नदीकाठी उभ्या असलेल्या बाईच्याही मनात असणार. म्हणून आमचा दंडक सगळ्यांसाठी सारखा आहे. कुठलाही देव खेळाडूने चालवायचं पात्र होत नाही आणि मारायचा शत्रूही होत नाही. आपला असो वा दुसऱ्याचा, त्याला आज कुणी हात जोडत असो वा नसो. कुणाला एखादा प्रसंग खटकला तर तो तिथेच थांबवता येतो, कारण विचारलं जात नाही.

राहिला परकेपणा. सर, तुम्ही शिक्षक, म्हणून १८४३ साल तुम्हाला सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. म्हणजे मराठी रंगभूमीची पहिली चालही बाहेरूनच आली होती. आणि ते नाटक व्हायचं कसं? सूत्रधार पदं म्हणून प्रसंग उभा करायचा, आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी स्वतःच्या मनाने करायची. लिहून पाठ केलेले संवाद नसायचे. गणपती यायचा, सरस्वती यायची, राक्षस आरडाओरडा करत यायचे. एकाने प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी त्या प्रसंगात शिरून स्वतःचं बोलायचं: सर, आम्ही रविवारी दुपारी हेच करतो. आमच्याकडे सूत्रधाराला गेम मास्टर म्हणतात आणि निकाल अडला तर फासे टाकतात, फरक एवढाच. भाव्यांच्या नावाचं नाट्यमंदिर ज्या गावात आहे, तिथे या खेळाला परका म्हणणं माझ्या जिवाला लागतं.

पोथीबद्दल माझं काहीच दुमत नाही. वाचावीच. आमच्यातल्या एकाने कर्णाच्या शापावरून पात्र बांधलं, आणि नियम नीट बसेना म्हणून तो कर्णपर्व घेऊन बसला. शाप नेमका कुणी, कशासाठी, कुठल्या शब्दांत दिला हे त्याला पक्कं हवं होतं. गृहपाठ म्हणून त्याने ते उघडलं नसतं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या महिन्यापासून आमच्या गोष्टीत आटपाडीकडच्या धनगरवाड्यातली एक मुलगी येणार आहे. खंडोबा टेबलावर येणार नाही, बाणाईही नाही. पण त्या मुलीच्या घरात सारीपाटाची एक जुनी सोंगटी आहे, आणि तिची अट मला त्या हरलेल्या डावावरून घ्यायची आहे. मी ऐकलेल्या गाण्यांत पैज कुठे एक सांगतात, कुठे दुसरीच. पालला वाघ्या-मुरळींच्या तोंडून तुम्ही ती कशी ऐकलीत? म्हाळसा डाव मांडताना काय बोलते, आणि हरल्यावर खंडोबा काय उत्तर देतो? आठवेल तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवलंत, तर मी ते तसंच वापरेन.